धर्मशाळेत न उतरलेली जास्वंद

वारज्याच्या पुढे, हायवेच्या खाली, जिथे पूर्वी गाव होतं आणि आता 'प्राइम लोकेशन' आहे, तिथे चार उंच इमारतींच्या मधोमध एक हिरवा तुकडा अजून शिल्लक आहे. इमारतींची नावं सगळी झाडांवरून ठेवलेली आहेत. जी झाडं तोडून त्या उभ्या राहिल्या त्यांच्याविषयीची ही कृतज्ञता असावी. त्यांत राहणारी माणसं रविवारी सकाळी अर्ध्या चड्डीत खाली उतरतात, त्या हिरव्या तुकड्यावर येऊन कुंडीतलं एक झाड विकत घेतात आणि लिफ्टने वर घेऊन जातात. हा तुकडा तुळजाबाईंच्या नर्सरीचा. दीरांनी आपापले वाटे बिल्डरला दिले, गाड्या घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या आणि आता दिवसभर करायचं काय या काळजीने त्यांची झोप उडाली आहे. तुळजाबाईंनी वाटा दिला नाही. बिल्डर बोलणी करायला आला तो बूट घालून रोपांच्या वाफ्यातून चालत आला, आणि अशा माणसाशी बोलायचं काय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचे यजमान जयसिंगराव फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. गिऱ्हाईक आलं, की वर्तमानपत्रावरून मान न उचलता "ती आत हाय" असं सांगणं हे त्यांच्याकडचं खातं. हे खातं ते मन लावून सांभाळतात. नर्सरीतलं बाकीचं सगळं तुळजाबाई बघतात, आणि कसं बघतात ते अख्ख्या कोथरूडला ठाऊक आहे.

त्यांना एक खोड आहे. कुठेही झाड दिसलं, की त्या पान उलटं करून बघतात. बँकेत बघतात, लग्नाच्या हॉलमध्ये बघतात. दवाखान्यात डॉक्टर एका हाताची नाडी बघत असताना दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलावरच्या कुंडीतलं पान उलटं केलं होतं आणि डॉक्टरांना त्यांच्याच झाडाचा आजार सांगितला होता. "वरून समदीच हिरवी असतात," असं त्या म्हणतात. हे वाक्य फक्त झाडांविषयी असतं असं कुणी समजू नये.

मुलाचं, रणजितचं लग्न याच खोडीने जमलं. मुलगी बघायला हडपसरला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलाची आई आता काय विचारते म्हणून सगळे श्वास रोखून बसले, आणि तुळजाबाई उठून खिडकीतल्या क्रोटनकडे गेल्या. एकेक पान उलटून बघितलं. मग विचारलं, की या झाडांचं कोण करतं. मुलगी म्हणाली, मी करते. तुळजाबाई परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, की आमच्याकडून होकार समजा. मुलीकडे शेतकी कॉलेजची पदवी आहे हे त्यांना नंतर पत्रिका छापताना कळलं. त्या मुलीचं नाव ऋतिका.

ऋतिका घरात आली ती पिवळे चिकट कागद घेऊन. शेडनेटमध्ये दोरीला हे कागद टांगायचे, त्यांवर उडणारे किडे चिकटतात, आणि कुठल्या कोपऱ्यात काय आलंय ते आधीच कळतं. तुळजाबाईंनी त्या कागदांना 'पताका' असं नाव दिलं आणि कुणाचा उरूस आहे म्हणून विचारलं. रोज सकाळी सून कागद बघायची, सासू पानं उलटायची, आणि दोघींचं निदान बहुतेक वेळा एकच निघायचं. ते दोघींनाही कळत होतं. कबूल करायला मात्र एकीलाही सवड मिळाली नाही.

गिऱ्हाइकांच्या मते नर्सरीचा हंगाम गणपतीच्या तोंडावर सुरू होतो. तेव्हा प्रत्येकाला अचानक दारात जास्वंद हवी असते, लाल, कळ्यांनी भरलेली आणि ताबडतोब. तुळजाबाईंचा हंगाम संक्रांत झाली की सुरू होतो. थंडी ओसरते, काड्यांना फुटवा येतो, आणि त्या कोवळ्या फुटव्यावर मावा, पांढरी माशी, कोळी अशी सगळी मंडळी डोळा ठेवून असतात. त्यांतला सगळ्यांत निर्लज्ज म्हणजे पिठ्या ढेकूण. हा पांढरा, कापसासारखा, पानाच्या बगलेत बसून नुसता रस पीत राहतो. त्याच्या अंगातून जो गोड चिकटा पाझरतो त्याच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला उचलून नव्या झाडावरही नेऊन बसवतात, म्हणजे त्याला चालायचेसुद्धा कष्ट नाहीत. गिऱ्हाइकं त्याला बुरशी म्हणतात. एकीने तर, आमच्या जास्वंदीला कापूस लागलाय, असं कौतुकाने सांगितलं होतं. तुळजाबाईंचं मत असं, की होळीच्या आधी सापडला तर तो चोर आणि होळीनंतर सापडला तर तो घरमालक.

म्हणून त्यांचा नियम होता. बाहेरून आलेलं कुठलंही रोप आधी फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरायचं. या शेडला त्या धर्मशाळा म्हणत. मध्ये एक अमावास्या गेली आणि रोप स्वच्छ राहिलं, तरच ते आत. अमावास्या तोंडावर असताना आलेल्या रोपाला पुढची अमावास्या. ऋतिकाने मनातल्या मनात हिशेब करून बघितला, तर तेवढ्या काळात लपलेली अंडी फुटून कीड उघडी पडते हे तिला पटलं. अमावास्येशी त्याचा संबंध काय, हे मात्र तिने विचारलं नाही. धर्मशाळेत जे रोप खराब निघायचं ते काळ्या पिशवीत जायचं. पिशवीचं तोंड बांधून ती पत्र्यावर उन्हात टाकायची, म्हणजे आतला ऐवज किडीसकट शिजून निघतो. यातून कुणाचीही सुटका नव्हती.

आणि उन्हाळ्यात या धर्मशाळेला खरी गर्दी होई, कारण कोथरूडची निम्मी वस्ती तेव्हा अमेरिकेत असते. नातवंड झालेलं असतं, किंवा होणार असतं, किंवा झालेल्याला मराठी शिकवायचं असतं. मांजर शेजाऱ्यांकडे जातं, किल्ली वॉचमनकडे आणि झाडं तुळजाबाईंकडे. समोरच्या इमारतीतले हिंमतराव, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, असंच एकदा अरेका पाम घेऊन आले. तुळजाबाईंनी पान उलटलं आणि त्यांना आतलं दाखवलं. हिंमतराव म्हणाले, की ते नैसर्गिक आहे. तुळजाबाई म्हणाल्या, की पटकीसुद्धा नैसर्गिकच असते, आणि त्यांच्यादेखत पाम काळ्या पिशवीत घातला. हिंमतरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक तक्रार लिहिली. ती वाचून दुसऱ्याच दिवशी तीन नवी गिऱ्हाइकं आली. जिथे इतका अपमान होतो तिथला माल चांगलाच असणार, हा पुणेकरांचा अनुभव आहे.

तर अशा या तुळजाबाई. त्यांनी आयुष्यात एकच अपवाद केला.

होळी नुकतीच होऊन गेली होती. फाटकाशी रिक्षा थांबली आणि सत्यशीलाबाई उतरल्या. रणजितच्या शाळेतल्या या मराठीच्या बाई, आता निवृत्त, डहाणूकर कॉलनीत राहणाऱ्या. फार पूर्वी पालकांच्या सभेला तुळजाबाई वाफ्यातून उठून थेट शाळेत गेल्या होत्या. पायांना चिखल होता. शिपायाने बाहेर थांबायला सांगितलं, इतर आयांनी साड्या सावरून घेतल्या, आणि सत्यशीलाबाईंनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "आपण बसा ना." तुळजाबाईंना तोवर कुणी 'आपण' म्हटलेलं नव्हतं. नंतरही फारसं कुणी म्हटलं नाही. त्या खुर्चीवर त्या तेव्हा अवघडून टेकल्या होत्या, पण मनाने अजून तिथेच बसलेल्या होत्या.

रिक्षातून सिमेंटच्या कुंडीतली एक जास्वंद उतरवली गेली. जुनी, मनगटाएवढ्या खोडाची, कसबा पेठेत बाईंच्या सासूबाईंनी लावलेली. सासूबाई गेल्या, पण जास्वंद होती. बाई आणि त्यांचे यजमान अमेरिकेत मुलाकडे निघाले होते. सहा महिने तिकडे राहून गणपतीच्या आधी येणार होते. बाईंनी चहा घेतला, बशीत ओतून घेतला, त्यामुळे तुळजाबाई आणखीच विरघळल्या. मग बाईंनी अगदी आवर्जून सांगितलं, की आपल्या नर्सरीच्या नियमाप्रमाणे जे काही करावं लागेल ते करा, माझी कशालाच हरकत नाही. त्या काळ्या पिशवीविषयीही त्यांनी चौकशी केली. झाड खराब निघालं तर खरोखरच कुणाचंही असलं तरी टाकता का, असं विचारलं. तुळजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिंमतरावांची तक्रार बाईंपर्यंत पोचलेली दिसत होती.

"बाई, तुमच्या झाडाला कशाला काळी पिशवी," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी सुखरूप तुमच्या हातात देईन. माझा शब्द हाय."

बाई काहीतरी बोलणार होत्या, पण रिक्षाकडे वळल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

जास्वंद धर्मशाळेत उतरली नाही. ती सरळ शेडनेटमध्ये गेली, जिथे थंड सावली होती आणि जिथे गणपतीसाठीच्या जास्वंदीच्या काड्या पिशव्यांत लावलेल्या होत्या. या काड्या त्या वर्षी पहिल्यांदाच ऋतिकाने लावल्या होत्या. माती तिने कालवली, काड्या तिने निवडल्या. तुळजाबाईंनीच तिला सांगितलं होतं, की यंदा ह्या तुझ्या, गणपतीला तुझ्या हातानं विक. जवळजवळ सगळ्या काड्या फुटल्या होत्या आणि त्या कोवळ्या पानांकडे बघायला ऋतिका दिवसातून कितीदा तरी काही कारण काढून आत जायची.

तिने कुंडी आत येताना बघितली आणि धर्मशाळेचं काय, असं विचारलं. तुळजाबाई म्हणाल्या, की बाईंचं झाड आहे. ऋतिका म्हणाली, निदान पान तरी उलटून बघा. त्यावर तुळजाबाईंनी, पाहुण्यांच्या पिशव्या उघडून बघायची रीत तुमच्याकडे असेल, आमच्याकडे नाही, असं उत्तर दिलं. ज्या बाईने डॉक्टरांच्या कुंडीलाही सोडलं नाही तिच्या तोंडून रीतभात ऐकून ऋतिका गप्प बसली. ती गप्प बसली की तुळजाबाईंना वाटायचं, पटलं.

चार-दोन दिवसांत एका सकाळी, आसपास कुणी नाही असं बघून, तुळजाबाईंनी पान उलटलंच. सवयीने हात गेला. आत पांढरं होतं. देठाच्या बगलेत, फांदीच्या बेचक्यात, कळीच्या बुडाशी, सगळीकडे आरामात पाय पसरून बसलेलं होतं. एकदोन दिवसांची ही वस्ती नव्हती, चांगली मुरलेली होती.

तेव्हाच कुंडी उचलून बाहेर नेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बाहेर नेताना ऋतिका बघणार होती. आणि शब्द दिलेला होता. शिवाय बाईंच्या घरातून कीड आली, हे तुळजाबाईंना स्वतःशीसुद्धा बोलवत नव्हतं. त्यांनी चिंधी स्पिरिटमध्ये बुडवली आणि पान न् पान पुसून काढलं. मग रोज पहाटे, सून उठायच्या आत, त्या चिंधी घेऊन शेडनेटमध्ये जाऊ लागल्या. जयसिंगरावांनी विचारलं तर, देवाला फुलं बघते, असं सांगितलं. कीड अशाने जाते होय? दिसत होती तेवढी गेली. न दिसणारी मुळाशी होती, आणि मुंग्यांची रांग कुंडीपासून काड्यांपर्यंत लागलेली होती.

पाडवा झाला आणि काड्यांचे शेंडे आखडायला लागले. पानं चिकट झाली. तुळजाबाईंनी आधी पलीकडच्या इमारतीच्या बागेला दोष दिला. मग महापालिकेने रस्त्याकडेला लावलेल्या झाडांना. मग वाऱ्याला. एकदा त्या ऋतिकाच्या पिवळ्या कागदांवरही घसरल्या, की चिकट वस्तू टांगल्यावर चिकट रोग येणार नाही तर काय. सगळ्या पुण्यातला पिठ्या ढेकूण त्यांनी शोधून काढला, फक्त एका कुंडीतला सोडून. साबणाचं पाणी मारलं, कडुनिंबाचं तेल मारलं. कीड दोन दिवस दबायची आणि पुन्हा वर यायची.

ऋतिका वाद घालत नव्हती. तिने लाल लोकरीचा गुंडा आणला आणि ज्या ज्या पिशवीत कीड दिसेल तिच्या काडीला एकेक धागा बांधत गेली. काही दिवसांनी तुळजाबाई शेडनेटमध्ये शिरल्या आणि जागीच थबकल्या. कडेच्या रांगांत धागे विरळ होते, आत आत येताना दाट होत होते आणि मधोमध, एखाद्या मांडवातल्या मूर्तीसारखी, सत्यशीलाबाईंची जास्वंद ताजीतवानी उभी होती. रोज पुसली जात असल्यामुळे सगळ्या शेडनेटमध्ये तीच तेवढी चकचकीत दिसत होती.

"आई, हिला तरी टाकावं लागेल, नाहीतर या सगळ्या जातील," ऋतिका म्हणाली.

तुळजाबाई म्हणाल्या, "मी शब्द दिलाय."

काड्यांच्या बाबतीत शब्द ऋतिकालाही दिलेला होता. तिने त्याची आठवण करून दिली नाही. आठवण तुळजाबाईंनाही होती, पण घरच्या माणसाला दिलेला शब्द मोडला तरी तो घरातच राहतो, असा आपल्याकडे एक सोयीस्कर समज आहे. अक्षय्य तृतीया येईपर्यंत धागा बांधायला जागा उरली नाही. मग काळ्या पिशव्या आल्या. ऋतिकाने आपल्या काड्या आपल्याच हाताने उपटून त्यांत भरल्या. तुळजाबाई मदतीला गेल्या तेव्हा, राहू द्या आई, होईल माझं, असं ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. त्या साध्या आवाजाने तुळजाबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं. पत्र्यावर काळ्या पिशव्यांची रांग लागली. हिंमतरावांनी वरून गॅलरीतून ती बघितली आणि त्यांचा तो दिवस फार चांगला गेला.

जास्वंदीची मात्र बडदास्त वाढली. तिला घरामागच्या मोरीपाशी हलवलं. फांद्या बुडापर्यंत छाटल्या, मुळं धुतली, नवी माती घातली, कुंडीभोवती पाण्याची परात ठेवली, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. वर जयसिंगरावांची मच्छरदाणी टाकली. जयसिंगराव उन्हाळाभर डास मारत झोपले. इतकी सेवा आपण आजारी पडलो तेव्हा झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण हे बोलून दाखवण्याइतके ते अननुभवी नव्हते.

पाऊस पडला, जास्वंद फुटली. खरंच फुटली. स्वच्छ, गडद पानांची, कळ्यांनी लवलेली. आणि गणपतीच्या तोंडावर पुण्यात जो तो जास्वंद मागायला येऊ लागला तेव्हा फाटकावर पाटी होती: 'जास्वंद नाही. का नाही, ते विचारू नये.' लोक पाटी वाचून जयसिंगरावांना विचारायचे, का नाही? जयसिंगराव पाटीकडे बोट दाखवायचे. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्यावर कामाचा एवढा बोजा पडला नव्हता.

अशात एका दुपारी सत्यशीलाबाई आल्या. अमेरिकेने थोड्या वाळल्या होत्या. तुळजाबाईंना आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. त्या लगबगीने आत गेल्या आणि कुंडी स्वतः उचलून बाहेर घेऊन आल्या. कुंडी जड होती. ऋतिका धुतलेल्या कुंड्या लावत होती, तिने हात दिला नाही असं नाही, पण तुळजाबाईंनीच नको म्हटलं.

बाईंनी जास्वंद बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही तीच?" त्यांनी विचारलं.

तुळजाबाई म्हणाल्या, की तीच, पान उलटं करून बघा. बाईंनी बघितलं नाही. जयसिंगराव उठून उभे राहिले होते, त्यांच्या खुर्चीत त्या बसल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हलक्या आवाजात विचारलं, की आपण हिला त्या धर्मशाळेत नव्हतं का ठेवलं? तुळजाबाईंनी अभिमानाने सांगितलं, की छे, तुमचं झाड म्हणून सरळ आत.

"मी आपलं नाव ऐकून आले होते हो," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "सगळं कोथरूड सांगत होतं, की तुळजाबाई कुणाची गय करत नाहीत. मला वाटलं, इथून काही ही परत येत नाही."

मग त्यांनी सांगितलं. खाली बघून, वर्गात कधी बोलल्या नसतील इतक्या अडखळत सांगितलं. लग्न होऊन आल्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी या झाडाची फुलं मोजायच्या. एखादं कमी भरलं, की सुनेचा हात लागला. बाईंनी नोकरी धरली तेव्हा कळ्या गळल्या, तर त्या बाईंच्या नोकरीने गळल्या. कसब्यातून कोथरूडला बिऱ्हाड हललं तेव्हा जास्वंद टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आली आणि बाई मागे गाद्यांवर. सासूबाई गेल्या. बाईंना वाटलं, आता संपलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून आवाज आला, यजमान फुलं मोजत होते.

"कीड लागली होती ते मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "मी मुद्दामच औषध घातलं नाही. पण माझ्या हातानं टाकवत नव्हती. आपण टाकली असती, तर घरी सांगता आलं असतं."

तुळजाबाईंनी शेडनेटकडे बघितलं. आत रिकामी जमीन होती आणि कडेला एका दोरीवर लाल लोकरीचा एक धागा राहून गेला होता.

"मग बाई, तोंडानं सांगायचं की," त्या म्हणाल्या.

"सांगता आलं असतं तर सासूबाईंनाच सांगितलं असतं."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. यजमान विचारत होते, हे न सांगताही कळत होतं. बाई म्हणाल्या, हो, मिळाली. हो, छान आहे. हो, कळ्या आहेत, भरपूर आहेत. त्यांचा आवाज अगदी साधा होता. तो आवाज तुळजाबाईंनी ओळखला. मग रिक्षा आली, कुंडी पायांशी मावेना म्हणून बाईंनी ती मांडीवर घेतली, तुळजाबाईंना 'आपले फार उपकार झाले' असं म्हणाल्या आणि फांद्यांच्या आडून हात हलवत गेल्या.

तुळजाबाईंना आधी राग आला. बाईंवर धरावा म्हटलं तर तो धरता येईना. शाळेतली ती खुर्ची मध्ये येत होती. मग मात्र त्यांना भीती वाटली. पाठमोरी ऋतिका कुंड्या लावत होती, एकावर एक, आवाज न करता. लग्न होऊन आल्यापासून ती किती वेळा गप्प बसली होती, हे तुळजाबाई आठवायला लागल्या आणि तो हिशेब संपेना. उद्या हिचे केस पांढरे होतील, आणि ही माझं काहीतरी उचलून कुठल्या तरी परक्या दारात नेऊन ठेवेल. तिथल्या माणसाने ते टाकून द्यावं म्हणून मनात देवाची प्रार्थना करत परत जाईल. हे दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"ऋतिका," त्यांनी हाक मारली. "माझं काय काय टाकायचंय तुला?"

ऋतिकाने वळून बघितलं. त्या घरात प्रश्न बहुधा टोमणे असायचे, त्यामुळे तिने आधी सासूचा चेहरा नीट न्याहाळला. त्यावर टोमणा नव्हता.

"आत्ता सांगू?"

"आत्ताच सांग."

ऋतिकाने हातातली कुंडी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मग बसा, आई. वेळ लागेल."

तुळजाबाईंनी जयसिंगरावांची खुर्ची ओढून घेतली आणि त्या बसल्या. नर्सरीत दिवसाउजेडी बसलेल्या त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. जयसिंगराव वर्तमानपत्र घेऊन फाटकाला टेकून उभे राहिले. ऋतिकाने धर्मशाळेपासून सुरुवात केली. कुणाचंही रोप असो, कुणीही आणलेलं असो, मध्ये अमावास्या गेल्याशिवाय आत नाही, आणि हे तुम्हालाही लागू. तुळजाबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, बरं, पुढचं. पुढचं ती सांगायला लागली आणि तेवढ्यात फाटकाशी एक गिऱ्हाईक येऊन, जास्वंद आहे का, मालकीणबाई कुठे आहेत, असं विचारू लागलं.

तुळजाबाई दोन हातांवर, समोरच बसलेल्या दिसत होत्या. जयसिंगरावांनी वर्तमानपत्रावरून मान वर केली नाही. "ती आत हाय," ते म्हणाले.